‘मन घट्ट कर’ म्हणण्यापूर्वी

‘मनावर घेऊ नकोस’, ‘मन घट्ट कर’, ‘चांगले विचार मनात आण’ ही तीन वाक्ये न ऐकता मराठी घरात लहानाचा मोठा झालेला माणूस विरळाच. परीक्षेत नापास झालेल्या मुलापासून सेवानिवृत्तीनंतर दिवसचे दिवस खिडकीशी बसून राहणाऱ्या काकांपर्यंत सर्वांना आपण हीच मात्रा उगाळून देतो. देणाऱ्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तिच्यात माया असते, आणि रोजच्या साध्या दुःखावर ती लागूही पडते. प्रश्न उभा राहतो तो समोरचा माणूस नुसता दुःखी नसून नैराश्य या विकाराने ग्रासलेला असतो तेव्हा. मन घट्ट करायचे कोणी? मनानेच. चांगले विचार आणायचे कोणी? विचार करणाऱ्या बुद्धीनेच. आणि नैराश्य हा विकार नेमका तिथलाच आहे. ज्या साधनाने आजाराशी लढा असे आपण सांगतो, ते साधनच आजाराने आपल्या ताब्यात घेतलेले असते. एवढी एक गोष्ट आपल्या समाजाच्या ध्यानात आली, तर अनेक घरांतील संवादाचा सूर बदलेल, आणि काही जीवही वाचतील.

या बाबतीत आपल्या भाषेनेही थोडा घोळ घालून ठेवला आहे. इंग्रजीतील ‘डिप्रेशन’ हा शब्द दबल्याचा, खचल्याचा अर्थ सांगतो. मराठीतील ‘नैराश्य’ आशा नसण्याविषयी, म्हणजे भविष्याविषयी बोलतो आणि वैद्यकीयदृष्ट्या तो अधिक नेमका आहे असे माझे मत आहे. पण त्याच्या जोडीला ‘उदास’ आणि ‘उदासीन’ हे शब्द येतात आणि गल्लत होते. आपल्या संतपरंपरेत उदासीनता हा दोष नव्हे, ती साधकाची अवस्था आहे. त्यामुळे घरातला तरुण मुलगा माणसांतून उठला, जेवणाखाण्यातून त्याचे लक्ष उडाले, की आजी कौतुकाने म्हणते, ‘पहिल्यापासून विरक्तच आहे हो आमचा.’ विरक्ताला संसार नकोसा होतो, पण त्याला काहीतरी हवे असते आणि त्याची ओढ त्याला पहाटे उठवते. नैराश्यग्रस्तालाही पहाटे जाग येते, पण ती कशाच्याही ओढीने नव्हे. दिवस उगवू नये असे त्याला वाटत असते.

दुःख आणि विकार यांतील सीमारेषा डॉक्टर कशी आखतात, हे थोडक्यात सांगून पुढे जाऊ. किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहणे किंवा कशातच गोडी न वाटणे. त्याच्या जोडीला झोप, भूक, शक्ती, एकाग्रता यांत बिघाड, हालचालीत व बोलण्यात मंदपणा, अपराधीपणाची किंवा आपण निरुपयोगी असल्याची भावना, मरणाचे विचार. आणि या सर्वांमुळे रोजचे व्यवहार अडणे. ही लक्षणे आता वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून बऱ्यापैकी परिचित झाली आहेत. ज्याविषयी फारसे बोलले जात नाही ते हे की, या काळात माणसाच्या विचारांचे नेमके काय होते.

त्यासाठी एक जुना दाखला घेऊ. जॉन स्टुअर्ट मिल हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. आगरकरांच्या पिढीवर मिल आणि स्पेन्सर यांचा केवढा प्रभाव होता, हे आपण जाणतो. मिलचे वडील जेम्स मिल म्हणजे हिंदुस्थानात एकदाही पाऊल न ठेवता हिंदुस्थानचा इतिहास लिहिणारे गृहस्थ. त्या इतिहासाने आपले काय नुकसान केले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. या गृहस्थांनी आपल्या थोरल्या मुलावर एक शैक्षणिक प्रयोग केला. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन, बाराव्या वर्षी तर्कशास्त्र. सतराव्या वर्षी मुलगा ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत नोकरीस लागला. विशीत पोहोचेपर्यंत त्याच्याइतकी तासून धारदार केलेली बुद्धी इंग्लंडमध्ये क्वचितच कोणाची असेल.

१८२६ सालच्या शरद ऋतूत या बुद्धीला ग्रहण लागले. आपल्या आत्मचरित्रात (ते त्याच्या मृत्यूनंतर १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले) मिलने त्या काळावर एक प्रकरणच लिहिले आहे. त्याने स्वतःला एक प्रश्न विचारला : समाजसुधारणेची जी उद्दिष्टे मी उराशी बाळगली, ती सगळी या क्षणी सफल झाली, तर मला आनंद होईल काय? आतून उत्तर आले, नाही. ज्या पायावर आयुष्य उभे केले होते तो पायाच ढासळला. गंमत अशी की बाहेरून कोणालाही काही कळले नाही. तो कचेरीत जात होता, लिहीत होता, वादसभेत भाषणे करीत होता. सवयीने सगळे यंत्रवत चालू होते. पुढे तो नमूद करतो की, त्या वादसभेत आपण जी चार वर्षे सतत बोललो, त्यांपैकी नेमक्या याच वर्षातले आपल्याला जवळजवळ काहीही आठवत नाही. वडिलांजवळ मन मोकळे करण्याचा विचार त्याच्या मनात आला, पण असल्या दुखण्यात ज्याच्याकडे जावे असा हा शेवटचा माणूस, असेच त्याला वाटले.

याच काळातील एक तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. मिलला संगीताची आवड होती. या आवडीतही त्याला एक काळजी सापडली. सप्तकात पाच पूर्ण स्वरांतरे आणि दोन अर्धी. त्यांच्या जुळण्या किती होणार? मर्यादितच. त्यांतल्या सुंदर किती? त्याहून थोड्या. मग त्यांतल्या बहुतेक आजवर शोधल्या गेल्या असणार, आणि पुढे नवा मोत्सार्ट जन्माला येण्यास जागाच उरणार नाही! या विचाराने तो खरोखर व्यथित झाला होता. नंतर बरा झाल्यावर त्याने स्वतःच या काळजीची तुलना स्विफ्टच्या गलिव्हरमधील, सूर्य जळून संपेल म्हणून झोप उडालेल्या पंडितांशी केली आहे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तोच यमन रोज नव्याने मांडणाऱ्या गवयांना या काळजीचे हसूच आले असते. पण हसण्याआधी थांबून पाहण्यासारखे आहे. मिलच्या तर्कात दोष नाही. मर्यादित स्वरांच्या मर्यादित लांबीच्या जुळण्या मर्यादितच असणार. तर्काचे चाक उत्तम फिरत होते, पण गाडी एकाच दिशेने ओढली जात होती. संगीतासारख्या आनंदाच्या ठेव्यातूनही त्या बुद्धीने वेचून काढला तो त्याचा अंत.

आजारी मनाची विचारशक्ती नष्ट होते, अशी अनेकांची समजूत असते. तसे नसते. एकाग्रता उणावते, निर्णय घेणे जड जाते, कोणती भाजी करावी हेदेखील ओझे वाटू लागते, हे खरे. पण तर्क करण्याची शक्ती बऱ्याच प्रमाणात शाबूत असते आणि ती विकाराच्या चाकरीला लागलेली असते. म्हणूनच नैराश्यग्रस्ताशी वाद घालून त्याला जिंकता येत नाही. तुम्ही एक आशेचे कारण सांगा, तो ते खोडून काढणारी तीन सांगेल, आणि ती तिन्ही वरवर पाहता पटण्यासारखी असतील.

ही गोष्ट शास्त्राच्या भाषेत मांडण्याचे श्रेय फिलाडेल्फियाचे मानसोपचारतज्ज्ञ एरन बेक (१९२१-२०२१) यांच्याकडे जाते. नैराश्य म्हणजे स्वतःवर उलटलेला राग, हा फ्रॉइडप्रणीत सिद्धान्त त्या काळी प्रमाण मानला जाई. तो सिद्ध करण्याच्या हेतूनेच बेक यांनी रुग्णांची स्वप्ने तपासली. त्यांत त्यांना राग सापडला नाही. सापडले ते पराभव, हानी आणि नाकारले जाणे. सिद्धान्त सोडून त्यांनी रुग्णांचे बोलणे अधिक बारकाईने ऐकायला सुरुवात केली. तेव्हा त्यांच्या लक्षात आले की, रुग्णाच्या मनात सतत काही वाक्ये आपोआप उमटत असतात, इतकी झटकन की ती उमटल्याचे त्याला स्वतःलाही जाणवत नाही. शेजारीण जिन्यात हसली नाही. ‘मी कोणालाच नको आहे.’ आमटीत मीठ जास्त पडले. ‘मला एक गोष्ट धड जमत नाही.’ शेजारणीचे डोके दुखत असेल, हा पर्याय मनासमोर येतच नाही. कोणी कौतुक केले, तर ‘बरे वाटावे म्हणून म्हणतात’ असे म्हणून ते खात्यातून वजा होते. ही वाक्ये तीन दिशांनी जातात, असे बेक यांना आढळले : मी असा, जग असे आणि पुढेही हे असेच राहणार. स्वतः, जग आणि भविष्य या तिन्ही खिडक्यांना एकाच वेळी काळी काच बसते. आत बसलेल्याला काच दिसत नाही, बाहेरचा अंधार दिसतो.

बेक यांच्या थोडे आधी अल्बर्ट एलिस यांनीही याच वाटेने जाणारी उपचारपद्धती मांडली होती, आणि ती महाराष्ट्रात रुजविण्यासाठी कि. मो. फडके यांनी आयुष्य वेचले. मराठीत ती ‘विवेकनिष्ठ’ या अर्थगर्भ नावाने ओळखली जाते. या पद्धती म्हणजे ‘सकारात्मक विचार करा’ या उपदेशाचीच सुधारलेली आवृत्ती, असा समज सर्रास आढळतो. तो दूर व्हायला हवा. तिथे काळ्या काचेच्या जागी गुलाबी काच बसवीत नाहीत. ‘हे तू कशावरून म्हणतोस? दुसरे कारण असू शकेल काय?’ असे विचारीत, पुरावा तपासायला शिकवतात, आणि हे शिकविण्यासाठी प्रशिक्षित माणूस लागतो, अनेक बैठका लागतात. वर्तमानपत्रातील सुविचार कात्रून फ्रिजवर चिकटवल्याने ते साधत नाही.

मिलला ते एक वर्ष आठवेना, याचा उल्लेख वर आला. स्मृतीचा हा धागाही पुढे संशोधकांच्या हाती लागला. केंब्रिज येथे मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट यांनी १९८६ मध्ये, आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात दाखल झालेल्या लोकांना एकेक शब्द देऊन त्यावरून आयुष्यातील एखादा विशिष्ट प्रसंग आठवायला सांगितला. ‘आनंद’ असा शब्द दिला, तर निरोगी माणूस एखादा दिवस सांगतो : अमक्या दिवाळीत पहाटे धाकटा भाऊ अचानक दारात उभा राहिला. रुग्णांकडून मात्र ‘सुट्टीत मामाच्या गावाला जायचो तेव्हा’ अशा धर्तीची सरसकट उत्तरे अधिक येत. प्रसंग विरघळून गेलेले आणि त्यांचा गोळाबेरीज सारांश तेवढा शिल्लक. वरकरणी ही बारीकशी गोष्ट आहे. पण अडचणीतून वाट काढताना आपण काय करतो? मागच्या खेपेला असेच झाले होते, तेव्हा अमक्याला भेटलो, तमुक केले आणि निभावले, असे विशिष्ट प्रसंग स्मृतीतून उचलतो. हे प्रसंगच हाताला लागेनासे झाले, तर माणसापाशी उरते ते ‘माझे नेहमी असेच होते’ हे एकच वाक्य. पुढील संशोधनात स्मृतीच्या या सरसकटपणाचा आणि अडचणी सोडविण्यातील दुबळेपणाचा संबंधही दिसून आला. ‘अरे, तू याआधी एवढी संकटे पार केलीस, ती आठव ना!’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपण त्याला कुलूप लागलेल्या कपाटातील वस्तू मागत असतो.

आता रवंथाविषयी. गायीचे रवंथ तिच्या पचनाला उपकारक असते. माणसाच्या मनाचे नसते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-हक्सेमा यांनी या विषयाला आयुष्य वाहिले. त्यांच्या एका अभ्यासाला योगायोगाने निसर्गाची मदत झाली. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती आणि खिन्न झाल्यावर ते काय करतात, याची नोंद त्यांनी घेतली होती. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, त्या भागात लोमा प्रिएटाचा मोठा भूकंप झाला. भूकंपानंतर १० दिवसांनी आणि पुन्हा ७ आठवड्यांनी त्यांनी त्याच विद्यार्थ्यांना गाठले. ज्यांना खिन्नतेच्या वेळी ‘मला असे का वाटते, माझ्याच वाट्याला हे का’ असे घोळवीत बसण्याची आधीपासून सवय होती, ते विद्यार्थी आठवड्यांनंतरही अधिक खिन्न आढळले. त्यांची पूर्वीची मनःस्थिती जमेस धरूनही. आपल्याकडे चिंतन-मननाची थोर परंपरा असल्याने या दोहोंत फरक करणे आपल्याला विशेष गरजेचे आहे. चिंतनाला पुढचे पाऊल असते. रवंथ घाण्याच्या बैलासारखे त्याच वर्तुळात फिरते, आणि फिरणाऱ्याला मात्र आपण प्रश्नाच्या मुळाशी जात आहोत असे वाटत राहते. ‘दार लावून एकटा शांत बस आणि नीट विचार कर’ हा सल्ला नैराश्यग्रस्ताला देणे, म्हणजे त्याला घाण्याला जुंपण्यासारखे आहे.

विचारांची ही स्थिती, तर भावनांची काय? निरोगी माणसालाही राग येतो, अपमान झोंबतो, रडू येते. पण त्याच्यापाशी भावना आवरण्याचे अनेक मार्ग असतात आणि तो ते नकळत वापरतो. साहेबांनी झापले तर घरी येताना मित्रापाशी चहा पिऊन मन हलके करतो, ‘त्यांच्याही वरून दबाव असेल’ असा दुसरा अर्थ लावून पाहतो, रात्री मुलाशी खेळताना विसरूनही जातो. नैराश्यात नवा अर्थ लावण्याची ही क्षमता पंगू होते. मेंदूच्या चित्रणावर आधारलेल्या संशोधनातून याची एक बाजू दिसते. मेंदूत खोलवर ‘अमिग्डाला’ नावाचा बदामाच्या आकाराचा भाग आहे. धोका आणि भावनिक महत्त्व हेरण्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. पिट्सबर्ग येथे ग्रेग सीगल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अप्रिय शब्द दाखविल्यावर या भागात उठलेली खळबळ निरोगी माणसांत लवकर शमली. नैराश्यग्रस्तांत मात्र मध्ये दुसरेच काम दिले तरी कित्येक सेकंद टिकून राहिली. घंटा वाजवून हात काढून घेतला तरी तिचा नाद विरू नये, तसे हे आहे. ‘एवढ्याशा बोलण्याचे काय मनाला लावून घ्यायचे?’ या आपल्या प्रश्नाचे उत्तर या काही सेकंदांत आहे.

अशा वेळी माणसाच्या हाती बहुधा एकच उपाय उरतो, तो म्हणजे गिळून टाकणे. पुरुषाने रडायचे नाही आणि सुनेने उलट बोलायचे नाही, ही शिकवण आपल्याकडे बाळकडूतूनच मिळालेली असल्याने तो उपाय आपल्याला सद्गुणही वाटतो. स्टॅनफर्डचे जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांनी दाखविले की, भावना चेहऱ्यावर दिसू न देणाऱ्याच्या आतली ती अप्रिय भावना कमी होत नाही. उलट शरीरावरचा ताण वाढतो. मग तो ताण भलत्या ठिकाणी फुटतो. घरातला कर्ता पुरुष रडत नाही, पण भाजी थंड झाली म्हणून ताट भिरकावतो. ‘स्वभाव तिरसट झाला’ असे घरचे म्हणतात. तो तिरसटपणाही नैराश्याचेच एक रूप असू शकतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. आणि काहींच्या बाबतीत याहून दारुण काही घडते : दुःखाचा नादही थांबतो. नातवाला मांडीवर घेतल्यावर काहीच वाटत नाही, आणि काहीच वाटत नाही याचा अपराध मात्र वाटतो.

इथे काही वाचक म्हणतील, आपल्याकडे गीता असताना हे सर्व कशाला? प्रश्न आदराने घेण्यासारखा आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच विषादयोग आहे. गात्रे गळणे, तोंडाला कोरड पडणे, हातून धनुष्य निसटणे, सर्वत्र अशुभ चिन्हे दिसणे, असे त्या विषादाचे वर्णन आहे. अर्जुनाचा विषाद हा वैद्यकीय अर्थाने आजार नव्हता, तो धर्मसंकटातून आलेला होता, हे स्पष्ट म्हणायला हवे. तरीही त्या प्रसंगाची रचना पाहण्यासारखी आहे. पहिला अध्यायभर भगवंत जवळजवळ काहीच बोलत नाहीत; ते ऐकतात. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते अर्जुनाला खडसावतात, हा दुबळेपणा टाक, ऊठ, असे सांगतात. म्हणजे आपले ‘मन घट्ट कर’च. त्याने अर्जुन उठला काय? नाही. ‘मी लढणार नाही’ असे म्हणून तो गप्प बसला. खरा उपदेश त्यानंतर सुरू होतो आणि अठराव्या अध्यायापर्यंत चालतो, मध्ये शिष्याच्या शंका घेत घेत. जे वाक्य प्रत्यक्ष श्रीकृष्णाच्या मुखातून आले तरी पहिल्या झटक्यात लागू पडले नाही, ते आपल्या तोंडून लागू पडेल अशी अपेक्षा आपण का धरतो? आपल्या वैद्यकपरंपरेलाही विषादाची ताकद ठाऊक होती. रोग वाढविणाऱ्या गोष्टींत चरकसंहितेने विषादाला अग्रस्थान दिले आहे. तेव्हा या दुखण्याला ‘पाश्चात्त्यांचे फॅड’ म्हणून वाटेला लावणे आपल्याच परंपरेला धरून नाही.

हे सगळे बौद्धिक कुतूहलापुरते असते तर एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या आणि त्यांपैकी २२,७४६ एकट्या महाराष्ट्रात. राज्यांमध्ये आपला क्रमांक पहिला. या प्रत्येकामागे नैराश्य हा विकार होता असे म्हणणे चूक ठरेल. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याचे कर्ज खरे असते, करपलेले पीक खरे असते, आणि त्यांची उत्तरे दवाखान्यात नाहीत. पण तेवढेच कर्ज, तेवढीच नापिकी सोसून त्याच गावातले बहुसंख्य शेतकरी पुढच्या पेरणीला उभे राहतात. ज्याच्या तिन्ही खिडक्या काळ्या झाल्या आहेत, ज्याला मागचा एकही तरून गेल्याचा प्रसंग आठवत नाही आणि ज्याचे मन रात्रभर तेच दळण दळते आहे, त्याला ‘आता दुसरा मार्गच नाही’ हा निष्कर्ष गणितासारखा अचूक वाटतो. ‘सगळ्यांवर माझे ओझे आहे’ हेही त्याला मत वाटत नाही, वस्तुस्थिती वाटते. विकार उतरल्यावर हीच माणसे त्या निष्कर्षाकडे परक्याच्या हस्ताक्षराकडे पाहावे तशी पाहतात. म्हणून तो काळ निभावून नेणे महत्त्वाचे असते. कायद्यानेही आता हे ओळखले आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच त्यात गृहीत धरले जाते, आणि तिला शिक्षा नव्हे तर उपचार देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे.

मग करायचे काय? विचारांच्या दाराने आत शिरता येत नसेल, तर कृतीच्या दाराने शिरून पाहावे, हा यातील एक प्रमुख उपचारमार्ग आहे आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारीच गोव्यात घडले. ‘संगत’ ही संस्था तिथे १९९६ पासून काम करते. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण खास प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी सहा ते आठ बैठकांत हे काम केले. त्यांनी रुग्णाला विचार बदलायला सांगितले नाही. दिवस कसा जातो ते विचारले, आणि पूर्वी आवडणारी किंवा उपयोगी अशी एखादी छोटी गोष्ट इच्छा नसतानाही पुन्हा सुरू करायला मदत केली. अंगणात जाणे, बाजारातून एक वस्तू आणणे, बहिणीला फोन करणे. इच्छा झाली की करीन, हा क्रम इथे उलटा केलेला असतो. आधी हात हलतात, मग सावकाश मन हलते. तीन महिन्यांनी, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, तर या बैठकांची जोड मिळालेल्यांपैकी ६४ टक्के. वर्षानंतरही हा फरक टिकून होता. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ या प्रकल्पाचा अनुभवही आशादायक आहे. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण तेथे दीड वर्षात सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले.

औषधांविषयी दोन शब्द. ‘मेंदूतील अमुक रसायन कमी झाले म्हणजे नैराश्य’ ही सोपी गोष्ट आता शास्त्रज्ञांनाही पुरेशी वाटत नाही. परंतु त्यावरून औषधे निरुपयोगी आहेत, असा अर्थ काढणे चुकीचे आहे. २०१८ मध्ये ५२२ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात तपासलेली सर्व २१ औषधे, प्रौढांतील नैराश्यावर नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली, काही थोडी, काही अधिक. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती मनाने सुरू किंवा बंद करायची नसतात. तीव्र आजारात ती टाळणे हा हट्ट महागात पडतो. ‘एकदा गोळ्या सुरू झाल्या की जन्माची सवय लागते’ असे सांगणारे शेजारी मधुमेहाच्या गोळ्यांविषयी तसे बोलत नाहीत, हे लक्षात घ्यावे.

मिलचे पुढे काय झाले? एका फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना, वडिलांच्या मृत्यूनंतर लहान मुलगा घराचा आधार होण्याचा निश्चय करतो, या प्रसंगाशी त्याला रडू आले. आपण अजून दगड झालेलो नाही, हे कळल्याने ओझे उतरू लागले. दोन वर्षांनी वर्ड्‌स्वर्थच्या कविता त्याच्या हाती आल्या. तर्काने जे साधले नव्हते ते असे आडवाटेने साधले. तरी दुखणे पुन्हा पुन्हा उलटले, काही वेळा महिनोन्‌महिने टिकले, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. त्या काळी त्याच्यासाठी ना डॉक्टर होता, ना समुपदेशक.

आपली स्थिती तशी नाही. पण २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीनुसार नैराश्याच्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जण उपचारांविना राहतात. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक असून मराठीतही बोलता येते. प्रत्येक ग्रामपंचायत, बँकेची शाखा, महाविद्यालय आणि खतांच्या दुकानाच्या दर्शनी भागी हा क्रमांक रंगवून घेण्यास फारसा खर्च येणार नाही. गणेशोत्सव मंडळांच्या मांडवातही त्याला जागा मिळावी. आणि घरातले माणूस दोन आठवड्यांहून अधिक काळ असे हरवल्यासारखे दिसले, तर त्याला समजावण्याऐवजी त्याच्याजवळ बसावे, मरणाचे विचार येतात काय हे सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार मनात रुजतात ही भीती निराधार आहे. ‘तू डॉक्टरकडे जा’ असे न म्हणता वेळ आपण ठरवावी, रिक्षा आपण बोलवावी आणि त्याच्या बरोबर जावे.